चोर नव्हे, चोर असे वाचावे

मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या निम्म्या कळांवरची अक्षरे झिजली आहेत, मागचा एक पाय मोडला आहे आणि माझी काळी शेपटी आता कुठल्याच यंत्राला जोडलेली नाही. पण मित्रांनो, मला अडगळ समजून पुढे जाऊ नका. या गावाने एकमेकांना जे जे म्हटले, त्यातले पुष्कळसे माझ्या अंगावरून गेले आहे. गोड गेले, कडूही गेले. आणि एकदा तर एका कान्याने आणि एका मात्रेने सारे गाव पेटता पेटता राहिले. तेच आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझे शेकडो भाऊ एका सरकत्या पट्ट्यावर शेजारी शेजारी पडलेले असत. पट्ट्याच्या टोकाला एक मावशी बसे. प्रत्येकाची प्रत्येक कळ दाबून पाहायची, एवढेच तिचे काम. दिवसभर तेच ते करून एखादीने कंटाळून कळांवर नुसत्या थापट्या मारल्या असत्या. मावशी मात्र तान्ह्या बाळाच्या गालाला बोट लावावे तशी कळ दाबी आणि स्वतःशीच म्हणे, "हं, बोलतोय." जगात आल्यावर मला झालेला पहिला स्पर्श तो. पुढे कितीतरी बोटे लागली, पण ते बोट मी विसरलो नाही.

खोक्यातून निघालो तो थेट एका वाचनालयात आलो. खिडकीपाशी टेबल, टेबलावर संगणक आणि मागे ग्रंथपाल. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. बाईंनी उमेदीची वर्षे कचेरीत मराठी टंकयंत्रावर काढली होती. माझ्यावरची इंग्रजी अक्षरे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे रे, शिकशील." मग त्यांनी कागदाचे इवलेसे चौकोन कापले, त्यांवर काळ्या शाईने एकेक अक्षर लिहिले आणि टंकयंत्रावर होती त्याच क्रमाने ती माझ्या कळांवर चिकटवली. काना, मात्रा, वेलांटी, सगळे जागच्या जागी. मी मराठी झालो तो असा.

बाईंचे नेम मोठे कडक. सकाळी कुलूप उघडले की हात धुवायचे, मऊ फडक्याने मला पुसायचे, डोळे मिटून क्षणभर हात जोडायचे आणि मगच पहिले अक्षर लिहायचे. लिहिलेले काहीही मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय गावापुढे ठेवायचे नाही, हा दुसरा नेम. त्या म्हणत, "डोळा फसतो, कान फसत नाही." आणि तिसरा नेम सोमवारच्या मौनाचा. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत बाई एक शब्द बोलत नसत. कोणी चेष्टा केली तर मंगळवारी हसून सांगत, "एरवी गाव माझं ऐकतं. एक दिवस मी गावाचं ऐकते."

वाचनालयाबाहेर रुंद दगडी पायऱ्या होत्या. संध्याकाळी माणसे तिथे बसून गावाचा कारभार हाकत. कोणता रस्ता उखडला, कोणता दिवा गेला, नगरपालिका झोपली आहे की झोपेचे सोंग घेते आहे. बोलणारा कितीही तापला, तरी नवा माणूस आला की सरकून त्याला जागा देई. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला. पायऱ्या ओस पडल्या आणि भांडणे फोनमध्ये शिरली. तिथे समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, त्यामुळे जो तो तोंडाला येईल ते लिहू लागला.

तेव्हा बाईंनी गावासाठी एक ब्लॉग सुरू केला आणि त्याचे नाव ठेवले 'पायरी'. पहिल्या पानावर एकच नियम माझ्याकडून लिहून घेतला: 'इथे कोणीही यावे, कोणीही बसावे. पायरी मात्र सोडू नये.' मित्रांनो, पायरी सोडून बोलणे म्हणजे काय, ते घरी कोणीतरी तुम्हाला डोळे वटारून सांगितलेच असेल.

हळूहळू माणसे आली. दूधवाला आला, निवृत्त हेडसर आले, आणि 'कारलं' असे टोपणनाव घेणारे कोणीतरी आले. कारलं असे खोचक लिही की वाचणाऱ्याला ठसका लागावा, पण नियमाबाहेर पाऊल टाकत नसे. हा नक्की कोणी वकील असणार, असे गावाला वाटे. मला खरे ठाऊक होते, कारण कारल्याची बोटे माझ्यावरच आपटत. ती बाईंची नणंद होती. शिवणकाम करी आणि दुपारी मशीन थांबवून वाचनालयात येई. बाई तिला 'वन्सं' म्हणत, ती बाईंना 'वहिनी'.

एकदा हेडसरांनी पायरीवर लिहिले, 'आमच्या गल्लीतला दिवा दिवसा जळतो व रात्री विझतो. त्याला चुकून उलटी ड्यूटी लागली असावी. कृपया बदलून द्यावी.' ते वाचून वन्सं इतक्या हसल्या की हातातला चहा सगळा माझ्या पोटात गेला.

बाईंनी मला घाईघाईने उपडा केला, टिपला, उन्हात ठेवला. मी वाचलो, पण एक व्याधी कायमची जडली. काना हळू दाबला तर नुसता काना उमटे. जोराने दाबला की त्याच्या पाठोपाठ मात्राही उमटे. म्हणजे 'का' लिहायला जावे आणि 'को' व्हावे. दुसऱ्याच दिवशी वन्संनी लिहिले, 'आज पुन्हा नळातून माती!' आणि सगळा राग काढला तो शेवटच्या शब्दावर. पायरीवर दिसले, 'आज पुन्हा नळातून मोती!' लगेच दूधवाल्याने विचारले, 'कोणत्या गल्लीत? घागर घेऊन येतो.'

"वहिनी, हा तुमचा कीबोर्ड म्हणजे खाष्ट सासू आहे," वन्सं म्हणाल्या. "आपण बोलावं एक, तिनं ऐकावं भलतंच."

"मग सासूशी बोलतात तसं हळू बोला ना त्याच्याशी."

"हळू बोलता आलं असतं तर सासरीच नसते का?"

दोघी हसत सुटल्या. वन्सं म्हणाल्या, नवा मागवा. बाईंनी मला फडक्याने पुसत उत्तर दिले, "आजारी माणसाला कोणी घराबाहेर काढतं का?" त्यानंतर बाई काना नेहमी हलकेच दाबत. माझी व्याधी आम्हा तिघांतच राहिली.

नळातली ती माती मात्र खरी होती. टाकीचे पाणी गढूळ येई, मुले आजारी पडत. पायरीवर लोक महिनोन् महिने लिहीत राहिले, आणि तापले तरी कोणी पायरी सोडली नाही. नगरसेवक मात्र कधी उत्तर देत नसत. त्या भागाचे चार नगरसेवक होते आणि चौघांच्या वतीने बोलणारे एक होते, छत्र्यांचे दुकान चालवणारे. गाव त्यांना 'छत्रीवाले' म्हणे. बाईंनी त्यांना किती विनवले असेल! एका रविवारी रात्री त्यांचा निरोप आला: चौघेही येत्या रविवारी टाकीवर येतो, लोकांनी विचारावे, आम्ही सांगू.

दुसरा दिवस सोमवारचा. एरवी मौनाच्या दिवशी बाई पायरीवर काही लिहीत नसत. पण ही बातमी दाबून कशी ठेवणार? त्या दिवशी त्यांची बोटे माझ्यावर नाचतच आली. एक नव्हे, दोन नव्हे, चारही जण येणार होते, आणि त्या आनंदात नेमका त्याच शब्दावर जोर पडला. मी जे लिहिले ते असे: 'चोर नगरसेवक येत्या रविवारी पाण्याच्या टाकीवर भेटणार. सर्वांनी यावे.'

दुसरा कुठला शब्द बिघडला असता तर डोळ्याला खुपला असता. 'चोर' हा धडधाकट शब्द होता, तो खुपला नाही. आणि मौन असल्यामुळे मोठ्याने वाचणे झाले नाही. बाईंनी ते गावापुढे ठेवले, हात जोडले आणि त्या पुस्तके लावायला आत गेल्या.

दुपारी वन्सं फोन नाचवत आल्या. "वहिनी, शाब्बास! मला कारलं म्हणता आणि स्वतः? तुमच्यापुढे मी खडीसाखर ठरले!"

बाईंनी फोन त्यांच्या हातून घेतला आणि त्या एकेक ओळ वाचत गेल्या.

पायरीवर ही गर्दी लोटली होती. कोणी लिहिले होते, 'अखेर एकजण खरे बोलले.' कोणी लिहिले होते, 'बाई, तुम्हीच निवडणुकीला उभ्या राहा.' कोणी पुरावा मागत होते. मग कोणी कोणाचा बाप काढला, कोणी कोणाची जागा दाखवली, आणि बघता बघता माणसे धडाधड पायरी सोडू लागली. तेवढ्यात वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष, ते डॉक्टर होते, त्यांचा फोन आला. बाई बोलत नाहीत म्हणून वन्संनी घेतला आणि माझ्या व्याधीचे सांगून पाहिले, पण ते कोणाला पटणार? डॉक्टर म्हणत होते, "दिवे लागायच्या आत हे निस्तरलं नाही, तर तुमची ती पायरी कायमची बंद. मला वाचनालय कोर्टात न्यायचं नाही." पाठोपाठ निरोप आला की नगरसेवक रविवारी टाकीवर येणार नाहीत.

बाईंनी मला पुढे ओढले. त्यांना एकच ओळ लिहायची होती: चोर नव्हे, चार असे वाचावे. डोळे भरले होते, पडदा धड दिसत नव्हता. बाकी शब्द नीट उमटले, पण 'चार' हा शब्द ठासून सांगायचा होता ना? तिथेच पुन्हा जोर पडला. गावाने वाचले: 'क्षमस्व. चोर नव्हे, चोर असे वाचावे.'

अर्धे गाव पोट धरून हसले. उरलेले अर्धे अधिकच भडकले. माझ्या हातात असते, नव्हे माझ्या कळांत असते, तर मी तो शब्द गिळून टाकला असता. पण आम्हा वस्तूंना लिहिता येते, खोडता येत नाही. खोडायलाही माणसाचेच बोट लागते.

आणि मग छत्रीवाले आले. मिटलेली छत्री त्यांनी टेबलावर आपटली, मी हादरलो.

"बाई, पायरी सोडू नये अशी पाटी तुम्हीच लावता ना? मग हे काय? दोन-दोनदा? गेल्या पावसाळ्यात हे छप्पर गळत होतं तेव्हा पुस्तकं भिजू नयेत म्हणून मी दुकानातल्या छत्र्या उघडून कपाटांवर ठेवल्या. त्या काय चोरीच्या होत्या?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळले.

"बोला ना! आता का गप्प?"

"सोमवारी त्यांचं मौन असतं," वन्सं म्हणाल्या.

"वा! सोयीचं आहे."

"सोयीचं तुमचं. तुम्ही सभागृहात पाच-पाच वर्षं पाळता ते. यांचं नेमाचं आहे."

छत्रीवाल्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज एकदम उतरला. "माझी लेक शाळेतून रडत आली. विचारते, बाबा, ते चोर म्हणजे तुम्हीच का? काय सांगू तिला, तुम्हीच सांगा."

वन्सं बाईंच्या कानाशी वाकल्या. "वहिनी, आज मोडा मौन. एक वाक्य बोला. देव काय कोपणार आहे का?"

बाईंचे ओठ हलले, मी अगदी जवळून पाहिले. मग त्यांनी ओठ मिटले. शब्दाने जे बिघडले ते आणखी शब्दांनी सांगून पटायचे नाही, असे त्यांना वाटले असावे. त्या उठल्या, आपली खुर्ची छत्रीवाल्यांना दिली आणि मला उचलून त्यांच्यासमोर ठेवले.

"मी लिहू? लिहितोच! गावालाही कळू दे."

त्यांनी दोनच बोटांनी, खिळे ठोकावे तसे लिहायला घेतले. त्यांना लिहायचे होते, 'आम्ही चार नगरसेवक रविवारी टाकीवर येणार नाही.' पडद्यावर उमटले, 'ओम्ही चोर'.

छत्रीवाले थबकले.

"घ्या," वन्सं हळूच म्हणाल्या, "ही तर कबुलीच झाली."

त्यांनी खोडले, पुन्हा लिहिले, आधीपेक्षा जोराने. 'ओम्ही चोर.' त्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा पडद्याकडे.

तेव्हा बाईंनी एक बोट पुढे केले. मित्रांनो, ते बोट माझ्या कान्यावर टेकले आणि मला कारखान्यातली मावशी आठवली. तितकेच हलके, तान्ह्याच्या गालाला लावावे तसे. पडद्यावर शब्द आला: 'चार.' बाईंनी छत्रीवाल्यांकडे पाहिले आणि मान हलवली. तुम्ही करून पाहा.

त्यांनी श्वास रोखून काना दाबला. 'चार.'

"असं आहे होय हे," ते म्हणाले. मग छत्री टेबलावरून उचलून खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. आता घाई करून चालणार नव्हते. प्रत्येक कान्यापाशी त्यांना थांबावे लागे, बोट हलके करावे लागे. 'आम्ही'. थांबले. 'चार नगरसेवक'. पुन्हा थांबले. 'रविवारी टाकीवर'. रागाने धाप लागलेला माणूस इतक्या हळू लिहू शकत नाही, आणि इतके हळू लिहिताना धाप टिकत नाही. 'येणार' लिहून झाले. आता एकच शब्द उरला होता. त्यांचे बोट 'न'वर आले. मी वाट पाहिली, बाईंनी वाट पाहिली, वन्संनी तर डोळेच मिटून घेतले. ते बोट तसेच वर उचलले गेले, बाजूला सरकले आणि त्याने पूर्णविराम दिला.

'आम्ही चार नगरसेवक रविवारी टाकीवर येणार.'

त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली: 'ता. क. याच कीबोर्डावर आत्ता मी स्वतः दोनदा चोर झालो. ज्याला खोटे वाटत असेल त्याने वाचनालयात येऊन काना जोरात दाबावा.'

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले, हेडसरांच्या गल्लीतला सोडून. बाईंचे मौन सुटले. पण त्यांनी आधी काय केले असेल? छत्रीवाल्यांनी लिहिलेले सगळे अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचले आणि मगच ते गावापुढे ठेवले. मग हात जोडून म्हणाल्या, "दादा, चूक माझी. आनंदाच्या भरात नेम मोडला. न वाचता पाठवायला नको होतं."

"राहू द्या बाई. मी तरी कुठे वाचून आलो होतो?"

"तुमच्या लेकीला उद्या पाठवा इथे. मी तिला काना दाबून दाखवते." मग त्या वळल्या. "वन्सं, चहा टाका. इथे मात्र आणू नका. पायरीवर."

तिघे बाहेर पायरीवर बसले. जाणारा-येणारा थांबू लागला, सरकून जागा होऊ लागली. किती माणसे त्या संध्याकाळी आत येऊन माझा काना दाबून गेली, विचारू नका! जोराने दाबून 'चोर' करायचे, हळू दाबून 'चार' करायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. रात्रीपर्यंत पायरीवर काढलेले बाप सन्मानाने आपापल्या घरी परत गेले. डॉक्टरांनी एवढेच लिहिले, 'पायरी चालू राहील.' हेडसरांनी लिहिले, 'वैद्याची मात्रा लागू पडते हे ऐकून होतो. कीबोर्डाची मात्रा लागू पडलेली प्रथमच पाहिली.' आणि कारल्याने पहिल्यांदाच खाली सही केली: 'बाईंची नणंद.' वकील शोधणारे चाट पडले.

रविवारी टाकीवर सभा झाली. मी गेलो नव्हतो, पण वन्संनी येऊन साग्रसंगीत सांगितले. लोकांनी खरमरीत प्रश्न विचारले. टाकीचा गाळ किती दिवसांत काढला नाही, याचे उत्तर देताना छत्रीवाल्यांना घाम फुटला. एक गृहस्थ हात उगारून ओरडू लागले, तेव्हा मागून दूधवाला म्हणाला, "अहो, काना हळू!" सगळे हसले आणि ते गृहस्थही हसले. गाळ काही एका दिवसात निघाला नाही. अजून एक सभा झाली, मग आणखी एक. पण पाणी निवळले. आणि 'काना हळू' हे गावाचे बोलणेच होऊन बसले. घरात भांडी आदळली तरी कोणी म्हणते, "काना हळू."

आता मी थकलो आहे. एके दिवशी माझा काना हळूही उमटेना आणि जोरानेही उमटेना. समितीने नवा कीबोर्ड आणला. तो देखणा आहे, त्याला कसलीच व्याधी नाही. हळू दाबा, जोराने दाबा, तो निमूट सगळे लिहितो. म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. त्याच्यावर आपटणाऱ्या बोटाला सावध करणारे कोणी नाही.

बाईंनी मात्र मला टाकले नाही. त्यांनी मला त्याच्या शेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आहे. सकाळी त्याला पुसतात तसेच मलाही पुसतात. आणि कोणी नाकाचा शेंडा लाल करून आत आले, "बाई, मला पायरीवर लिहायचंय, आत्ताच्या आत्ता!" असे म्हणाले, की बाई शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतात. "लिहा ना. आधी यावर लिहा." माणूस माझ्यावर बोटे आपटतो, मनातले सगळे ओकतो. माझी शेपटी कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे ते सारे माझ्या पोटात जाते आणि तिथेच राहते. मग तो एक लांब श्वास सोडतो आणि शेजारच्या खुर्चीवर सरकतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर चहा सांडू नका, धूळ बसली तर पुसा. आणि कोणाला काही लिहायचे झाले तर आधी मोठ्याने वाचून पाहा. राग आला असेल तर इथे या. खिडकीपाशी मी आहेच. माझ्यावर कितीही जोर करा, मला लागत नाही. फक्त शेजारच्या खुर्चीवर बसलात की, काना हळू.